तिरफळ आणि त्रिफळा

गेल्या मे महिन्यात कुडाळच्या अलीकडे महामार्गालगतच्या एका मसाल्याच्या दुकानात काही कामासाठी थांबलो होतो. पुण्याहून आलेल्या एक बाई वाळलेल्या तिरफळांचे पाकीट हातात घेऊन दुकानदाराला विचारत होत्या, "हे रात्री झोपताना घ्यायचे ना? किती?" दुकानदाराने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "एक चमचा पूड, कोमट पाण्यातून. सकाळी पोट साफ." पाकिटाला टाचलेल्या छापील चिठ्ठीवरही 'पचनास उत्तम, बद्धकोष्ठावर गुणकारी' असे लिहिलेले होते. बाईंच्या मनात होता तो त्रिफळा, म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे चूर्ण. त्यांच्या हातात होते ते तिरफळ, जे आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, पडते. नावातल्या अक्षरांखेरीज दोहोंत काहीही समान नाही. मी मध्ये तोंड घातले आणि हा घोटाळा सांगितला, तेव्हा बाई ओशाळल्या, पाकीट ठेवून काजूकडे वळल्या आणि त्या गेल्यावर दुकानदार माझ्याकडे पाहून न रागावता म्हणाला, "गिऱ्हायक इचारता, तां आमी सांगताव."

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. कोकणातला मसाला आता मसाला म्हणून फारसा विकला जात नाही, तो औषध म्हणून विकला जातो. कोकम वजन उतरवते, दालचिनी साखर उतरवते, हळद सगळेच बरे करते, जायफळ झोप आणते आणि मिरी या सगळ्यांना बळ देते, असे फलक सावंतवाडीपासून पेणपर्यंत दिसतात. गिऱ्हाईक हेच विचारते, म्हणून दुकानदार हेच सांगतो, आणि दुकानदार हेच सांगतो म्हणून पुढचे गिऱ्हाईक हेच विचारते. या व्यवहारात ग्राहकाची दिशाभूल होते हे उघड आहे. माझी तक्रार मात्र त्याहून थोडी निराळी आहे. या गुणगानात ज्या गोष्टी खरोखर सांगायला हव्यात, म्हणजे ही वस्तू नेमकी कोणत्या झाडाची, त्या झाडाचा कोणता भाग, कुठल्या गावची आणि कोणत्या हंगामातली, त्या सगळ्या गळून पडतात. आणि त्या गळून पडल्या की कोकणातल्या बागायतदाराचा माल आणि कुठूनही जहाजाने आलेला माल यांत फरकच उरत नाही. वजन उतरवण्याचा दावा कोणत्याही पोत्यावर चिकटवता येतो.

तिरफळाचेच घ्या. हे झाड कुणी हौसेने अंगणात लावत नाही. खोडावर जाडजूड काटे असल्यामुळे ते परड्याच्या टोकाला किंवा गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला आपले आपण उभे असते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते लिंबाच्या कुळातले आहे, आणि चिनी स्वयंपाकात जिला सिचुआन मिरी म्हणतात ती त्याची जवळची बहीण. दोघींचाही खऱ्या मिरीशी काही संबंध नाही. फळ वाळले की आपोआप तडकते. आतली काळी चकचकीत बी टाकून द्यायची आणि टरफल ठेवायचे, कारण वास आणि चव दोन्ही टरफलात असतात आणि बी दाताखाली आली तर वाळू चावल्यासारखे वाटते. चार-सहा तिरफळे ठेचून रस्स्यात सोडायची आणि ताटात आली की बोटाने बाजूला सारायची, ही रीत लहान मुलांनाही ठाऊक असते. जिभेला आणि ओठांना ज्या मुंग्या येतात त्या तिखटपणाच्या नव्हेत. सिचुआन मिरीवर लंडनमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की तिच्यातले द्रव्य स्पर्शाच्या मज्जातंतूंनाच चाळवते आणि ओठांवर सेकंदाला सुमारे ५० कंपने होत असल्याचा भास होतो. जगातल्या मोजक्या मसाल्यांत हा गुण आहे, आणि त्यातला एक आमच्या गडग्यावर उगवतो. पुण्याच्या त्या बाईंना हे कुणी सांगितले असते तर त्यांनी ते पाकीट बहुधा ठेवून दिले नसते.

तिरफळाला चिकटलेला दुसरा समज जास्त काळजी करण्यासारखा आहे, आणि तो बाहेरच्यांचा नसून आमचाच आहे. तिरफळ घातले की बांगडा बाधत नाही, असे घरोघरी म्हटले जाते. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पकडल्यानंतर बर्फाशिवाय पडून राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात, आणि मग जेवल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे हे प्रकार सुरू होतात. हे हिस्टामिन एकदा तयार झाले की उकळण्याने जात नाही, तळण्याने जात नाही आणि तिरफळाने तर नाहीच. बाधणे न बाधणे हे होडीपासून घरापर्यंतच्या बर्फावर ठरते. शाळेत आपल्याला जे शिकवले गेले, की युरोपातले लोक मसाल्यांसाठी समुद्र ओलांडून आले ते कुजके मांस झाकण्यासाठी, तेही याच जातीचे. ज्याच्याकडे त्या काळी मिरी घेण्याइतके पैसे होते त्याला ताजे मांस परवडत होते. आमच्या स्वयंपाकघरात तर उलटाच नियम आहे: मासा जितका ताजा तितका मसाला कमी.

कोकमाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण इथे दावा शास्त्राचे नाव घेऊन येतो. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते ही गोष्ट खरी आहे. प्रयोगशाळेत हे आम्ल शरीरात चरबी बनवणाऱ्या एका विकराला अडवते, हेही खरे. येथून 'कोकम चरबी जाळते' या वाक्यापर्यंत जी उडी मारली जाते तिला मात्र आधार नाही. बाजारात ज्या गोळ्या मिळतात त्या बहुतेक कोकमाच्या नसतातच. त्या त्याच्या दक्षिणेकडच्या भाऊबंदाच्या, गार्सिनिया कॅम्बोजियाच्या असतात, जे फळ केरळात कुडमपुळी म्हणून माशाच्या कालवणात घालतात. त्या गोळ्यांची रीतसर चाचणी अमेरिकेत झाली आणि १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. १३५ स्थूल व्यक्ती, १२ आठवडे, दिवसाला १५०० मिलिग्रॅम आम्ल. आणि निष्कर्ष असा की औषध नसलेली पोकळ गोळी घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचे वजन उल्लेखनीय असे काही जास्त उतरले नाही. आमच्या फलकांवर ज्याच्या जोरावर कोकम विकले जाते तो गुण असा दुसऱ्याच झाडाकडून उसना घेतलेला आणि तिथेही न टिकलेला आहे. शिवाय जे पेय वजन उतरवण्यासाठी म्हणून डझनाने उचलले जाते ते अमृत कोकम. रातांब्याच्या वाट्यांत साखर दाबून भरायची, बरणी उन्हात ठेवायची आणि सुटलेला पाक गाळून घ्यायचा, अशी त्याची कृती आहे. बाटलीत जे आहे ते कोकमाच्या रंगाचा आणि आंबटपणाचा सुरेख साखरेचा पाक आहे. उन्हातून आलेल्या पाहुण्याला द्यावा, स्वतः प्यावा. पण तो पिऊन बारीक होण्याची अपेक्षा करू नये.

कोकमाबद्दल सांगण्याजोगे जे खरोखर आहे ते कुणी सांगत नाही. आमसूल म्हणजे नुसती वाळवलेली साल नव्हे. रातांबे फोडून गर आणि बिया वेगळ्या करायच्या, मीठ घातलेल्या त्याच रसात साली बुडवायच्या, उन्हात घालायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात, अशी चार-पाच दिवस पुटे चढली की सोल तयार होते. पुटे कमी झाली तर सोल चामड्यासारखे कोरडे राहते आणि सार फिके होते. हे सगळे मृगाचा पाऊस लागण्याआधी उरकावे लागते, कारण रातांबा पिकतो तो ऐन पावसाच्या तोंडावर, आणि एका सरीने आठवड्याचे काम बुरशीला जाते. चांगले सोल हाताला मऊ आणि किंचित चिकट लागते, रंगाने गडद जांभळे असते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते या ओळखीला मिळाले आहे, चरबी जाळण्याला नाही. तरी महामार्गावरच्या किती पाकिटांवर ते मानांकन आणि किती पाकिटांवर 'वजन घटवा' असे लिहिलेले असते, ते येता-जाता कुणीही मोजून पाहावे.

हळदीविषयी बोलणे म्हणजे घरच्या देवाविषयी बोलण्यासारखे आहे, म्हणून जपून लिहितो. नागपंचमीला हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्यांचा वास ज्याने घेतला आहे त्याला हळदीची थोरवी पटवून द्यावी लागत नाही. परंतु 'अमेरिकेनेही हळदीचा गुण मान्य केला' हे जे वाक्य सभांतून ऐकू येते ते साफ उलटे आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या उपयोगावर एक पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली, जुने ग्रंथ आणि छापील पुरावे दाखल केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. परिषदेचे महासंचालक तेव्हा रघुनाथ माशेलकर होते, म्हणजे मूळचे गोव्यातल्या माशेलचे, आमच्या शेजारचेच. त्या लढ्यात जे सिद्ध झाले ते इतकेच की हळदीचा हा उपयोग नवा नाही, भारतात तो पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. उपयोग नवा नाही हे सिद्ध होणे आणि तो किती गुणकारी आहे हे सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेटंट कार्यालयासमोर फक्त पहिलीचा निकाल लागला.

मिरीची जोड हाही आता पाठ झालेला मंत्र आहे: हळदीत चिमूटभर मिरी घाला, गुण २० पटींनी वाढतो. या आकड्याचे मूळ बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. मोजक्या निरोगी माणसांना २ ग्रॅम कुर्क्युमिन, म्हणजे हळदीतले पिवळे द्रव्य, आणि त्यासोबत २० मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिरीतले तिखट द्रव्य, दिले, तेव्हा रक्तात पोहोचणारे कुर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढले. वाढ कशाच्या तुलनेत, हे मात्र कुणी विचारत नाही. मिरीशिवाय रक्तात जे कुर्क्युमिन सापडत होते ते जवळजवळ नगण्य होते, आणि नगण्याची वीसपट ही काही फार मोठी रक्कम होत नाही. शिवाय हळदीत कुर्क्युमिन असते साधारण ३ टक्के. म्हणजे त्या प्रयोगातली २ ग्रॅम मात्रा मिळवायची तर एका वेळी साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. आमटीत पडते ती पाव चमचा. पायपरीनमुळे यकृतातले विघटन मंदावते, म्हणून कुर्क्युमिन टिकते. पण त्याच कारणाने फिट्स येऊ नयेत म्हणून देतात त्या औषधासारख्या काही औषधांचे रक्तातले प्रमाणही बदलू शकते. स्वयंपाकातल्या मिरीने असे काही होत नाही. गोळ्यांच्या रूपात रोज घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारावे.

आता दालचिनीकडे येतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात एकवटलेला आहे. मधुमेह असलेल्या माणसाला आज कुणी ना कुणी सांगतेच, की रोज सकाळी दालचिनीचे पाणी घ्या. तो वाण्याकडे जातो आणि जाड, कडक, तांबूस सालीचे तुकडे घेऊन येतो. ही बहुतेक वेळा दालचिनी नसते. तो तज असतो, चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडून येणारी कॅसियाची साल. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही तज आणि दालचिनी या दोन वेगळ्या वस्तू मानलेल्या आहेत, जुन्या वाण्यांच्या बोलण्यातही त्या वेगळ्या असत. पाकिटावर मात्र दोन्ही 'दालचिनी'च होतात. तजात कुमारिन नावाचे सुवासिक द्रव्य बरेच असते आणि ते काही लोकांच्या यकृताला सोसत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कुमारिनची रोजची सुसह्य मर्यादा दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने त्याचा हिशेब मांडून सांगितले की ६० किलो वजनाच्या माणसाने रोज सुमारे २ ग्रॅम तज खाल्ला की ही मर्यादा गाठली जाते. दोन ग्रॅम म्हणजे एक लहान चमचाही नव्हे. आठवड्यातून एकदा मटणाच्या वाटणात इंचभर तुकडा पडला तर काही बिघडत नाही. रोज सकाळी चमचाभर पूड महिनोन् महिने घेतली तर बिघडू शकते. आणि खऱ्या दालचिनीत कुमारिन नाममात्र असते.

ही खरी दालचिनी कोकणात होते. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे आताच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने, दालचिनीची 'कोकण तेज' ही जात दिली आणि नारळ-पोफळीच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी लावण्याची 'लाखी बाग' शेतकऱ्यांपुढे ठेवली. पावसाळा सरला की बोटभर जाडीच्या फांद्या तोडायच्या, वरची खरबरीत साल खरवडून टाकायची आणि आतली पातळ साल सुरीने उभी चिरून सोडवायची. सावलीत वाळताना ती आपोआप आत वळते. एकात एक घातलेल्या या साली विडीसारख्या दिसतात, बोटांनी चुरता येतात आणि चवीला तजापेक्षा सौम्य, गोडसर असतात. तजाची साल एकाच जाड थराची असते आणि मोडायला बत्ता लागतो. पूड झाली की मात्र डोळ्याला फरक कळत नाही, म्हणून दालचिनी अखंड घ्यावी.

हे इतके साधे आहे. तरीही लाखी बागेतला शेतकरी जेव्हा आपली दालचिनी विकायला आणतो, तेव्हा फलकावर लिहितो 'मधुमेहावर रामबाण'. वाण्याच्या तजावरही तेच लिहिलेले असते आणि तज स्वस्त असतो. गिऱ्हाईक स्वस्त घेते. या शेतकऱ्याजवळ एक वाक्य होते जे वाण्याला कधीच लिहिता आले नसते: 'ही तज नाही, दालचिनी आहे, माझ्या बागेतली, यंदाच्या कार्तिकात सोललेली.' ते त्याने लिहिले नाही. मधुमेहाबाबतच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांच्या भरवशावर कुणी औषध कमी करू नये, हा आणखी वेगळा भाग.

झाडाच्या पानांचीही हीच कथा. कोकणात पुलावात पडते ते 'तमालपत्र' पुष्कळदा याच दालचिनीचे पान असते. देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन उभ्या शिरा त्यावर स्पष्ट दिसतात, आणि चुरगाळले तर वास लवंगेचा येतो, कारण दोहोंत युजेनॉल हे सुवासिक द्रव्य आहे. इंग्रजी पाककृतींतले बे-लीफ भूमध्य समुद्राकडच्या लॉरेलचे. त्याला मधली एकच शीर. नाव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेले म्हणून पानाची चव त्याच्यासोबत जात नाही. नागकेशराचा गोंधळ तर याहून मोठा. एका नावाखाली नागचाफ्याचे केसर विकले जातात, दालचिनीच्या कुळातली वाळलेली कोवळी फळे विकली जातात आणि आमच्याकडच्या सुरंगीच्या कळ्याही 'तांबडे नागकेशर' म्हणून व्यापारात जातात. ज्या सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, वेंगुर्ल्याच्या बाजारात दुपारपर्यंत संपतात तिची कळी परराज्यात दुसऱ्याच नावाने खपते. जायपत्रीतही रामपत्री मिसळतात. ती दिसायला लांबलचक आणि वासाला अगदीच मंद असते. कलौंजीला कांद्याचे बी म्हणतात, ती कांद्याची कुणीच लागत नाही. बाल्कनीतल्या कुंडीत जाडसर लवदार पानांचे जे रोप असते त्याला ओवा म्हणतात. ओव्याचे दाणे ज्या झाडाला येतात ते कोथिंबिरीच्या कुळातले, निराळेच. आणि दगडफूल हे फूल नव्हे, झाडही नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे, खडकावर आणि सालीवर अतिशय सावकाश वाढणारा. ओरबाडून नेले की पुन्हा तेवढे व्हायला वर्षे जातात.

मिरचीबद्दल एवढेच सांगतो की तिखटपणा बियांत नसतो. तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढरट शिरेत असतो. बिया काढताना ती शीर निघते म्हणून मिरची सौम्य होते. भाजणीच्या दिवशी डोळ्यांत पाणी आणणारे कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तोंड भाजल्यावर तांब्याभर पाणी पिऊन उपयोग नसतो. दूध किंवा ताक प्यावे. सोलकढीही चालते, नारळाच्या दुधात स्निग्धांश असतो. मिरची मुळात अमेरिकेची, पोर्तुगिजांनी आणलेली, आणि तिचे मराठी नावही मिरीवरून पडलेले. मालवणी मसाल्यातली लवंग मोलुक्का बेटांची, बाद्यान, म्हणजे चक्रफूल, चीनकडचे. 'अस्सल, पूर्वापार मालवणी' अशी जाहिरात करणाऱ्यांनी याचा विचार करावा. मालवणीपणा त्या मिश्रणाच्या प्रमाणात आहे. संकेश्वरी किती आणि बेडगी किती, धणे कुठवर भाजायचे, डंकावर कुटायचे की चक्कीवर दळायचे, यात आहे. त्यातल्या एकेका पदार्थाच्या जन्मभूमीत तो शोधून सापडणार नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की आयुर्वेदाने मसाल्यांचे गुण हजारो वर्षांपूर्वी सांगितले, तुम्ही कोण नाकारणारे? मी ते नाकारत नाही. वैद्य जेव्हा सुंठ, मिरी, पिंपळी देतो तेव्हा तो आधी माणूस पाहतो, मग मात्रा, अनुपान आणि काळ ठरवतो आणि काय खाऊ नये तेही सांगतो. महामार्गावरचा फलक यांपैकी काहीच पाहत नाही. त्रिफळा मागणाऱ्या माणसाच्या हातात तिरफळ ठेवणारा बाजार आयुर्वेदाचा वारस म्हणवून घेऊ शकत नाही. द्रव्य ओळखता येणे ही तर त्या शास्त्राची पहिली पायरी आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. फलक लावणाऱ्या पुष्कळ जणी बचत गटाच्या बाया आहेत, त्यांच्या चार पैशांवर तुम्ही पाणी का ओतता? हा आक्षेप मला जास्त टोचतो. जादूटोण्याच्या औषधांना आणि आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदा आहे, मधुमेह आणि स्थूलता या दोन्ही व्याधी त्याच्या यादीत आहेत. अन्नपदार्थांच्या दाव्यांबद्दल २०१८ चे नियम आहेत. तरीही या बायांच्या टेबलापुढे निरीक्षक उभा राहावा असे मला वाटत नाही. तसे झालेच तर दंड भरतील त्या याच बाया, आणि मोठ्या शहरांतल्या चकचकीत डब्यांवरचे तसलेच दावे वकिलांच्या आडोशाने शाबूत राहतील. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय तयार मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्यावरून कारवाई केली, तेव्हा चर्चा झाली ती बड्या छापांची. जिवाणू मारण्यासाठी वापरतात त्या या वायूचा अंश आपल्या घरच्या डब्यात आहे का, हे विचारणारे गिऱ्हाईक मला तरी त्यानंतर दुकानात दिसले नाही. वजन उतरेल का, हे विचारणारे रोज दिसते.

म्हणून मागणी करायची ती ओळखीची करावी. प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी असावी आणि तिच्यावर चारच गोष्टी असाव्यात: वस्तूचे खरे नाव, झाडाचा भाग, गाव आणि हंगाम. सध्या पाकिटावर तारीख असते ती पाकीट भरल्याची. आतली मिरी कोणत्या वर्षी वेलीवरून उतरली हे तिच्यावरून कळत नाही, आणि अखंड मिरी वर्ष-दोन वर्षे टिकत असली तरी पूड काही महिन्यांत वास गमावते. जायफळाच्या बाबतीत तर हंगाम आणि वाळवण्याची पद्धत दोन्ही विचारायला हवीत, कारण ते ऐन पावसाळ्यात पडते आणि नीट वाळले नाही तर आत बुरशी धरते, जी वरून दिसत नाही. ही चिठ्ठी लिहायला कृषी विद्यापीठाने मदत करावी, झाडांची खात्री करून द्यावी. ते काम त्यांच्याच आवाक्यातले आहे.

आणि एक मागणी दिल्लीकडे. मसाला मंडळाच्या १९८६ च्या कायद्याला जोडलेल्या यादीत ५२ मसाले आहेत. तीत कोकम आहे, ते योग्यच आहे. थाइम, टॅरागॉन, हिसॉप, ज्युनिपर हेही आहेत. तिरफळ नाही. दगडफूल नाही. ज्या दोन वस्तूंशिवाय आमच्या किनाऱ्यावरचे निम्मे स्वयंपाकघर अडेल त्या सरकारदरबारी मसालाच नाहीत. ती यादी काही वेदवाक्य नव्हे. कोकणातल्या खासदारांनी आणि बागायतदारांच्या संघांनी हे पत्र एकदा तरी लिहायला हवे.

मागच्या आठवड्यात बुधवारच्या आठवडी बाजारात मी सोले घ्यायला गेलो होतो. जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईपुढे दोन ढीग होते, एक जांभळा आणि एक जवळजवळ काळा. मी काळ्या ढिगाकडे हात नेला तसा तिने तो अडवला. म्हणाली, "ती गेल्या वर्षाची. फिश-करीत घाल, चलतली. सोलकढीक नको, रंग येवचो नाय." मग जांभळ्या ढिगातले एक सोल उचलून माझ्या तळहातावर ठेवले आणि गाव सांगितले, आणि पाऊस यायच्या आधी दोन दिवस कसे कमी पडले तेही सांगितले. भाव मात्र तिने दोन्ही ढिगांचा वेगळा लावला होता.